नाताळवृक्षाची रंगसंगती

नाताळवृक्षाची रंगसंगती म्हणजे नाताळनिमित्त उभारलेले झाड हाती येईल त्या वस्तूंनी न सजवता एक, दोन किंवा फार तर तीन ठरावीक रंगांच्या मर्यादेत सजवण्याची पद्धत होय. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. सजवलेल्या झाडाची प्रथा मात्र जर्मन भाषक प्रदेशातील आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे येथे हे झाड ख्रिस्ती कुटुंबे व चर्च यांच्याइतकेच शाळा आणि दुकाने यांतूनही दिसते.

इतिहास

मध्ययुगीन जर्मनीत २४ डिसेंबर हा आदाम व हव्वा यांचा दिवस मानला जाई. त्या निमित्ताने होणाऱ्या धार्मिक नाटकात एदेन बागेचे झाड म्हणून सूचिपर्णी वृक्ष उभा करून त्यावर तांबडी सफरचंदे लावीत. लाल-हिरव्या जोडीचे एक मूळ येथे सापडते. तथापि आरंभीची झाडे एकरंगी नव्हती. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ च्या एका वर्णनात झाडावर अनेक रंगांच्या कागदी गुलाबांचा, सफरचंदांचा व पातळ बिस्किटांचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात थुरिंगियातील लाउशा या गावी फुंकीव काचेचे गोळे तयार होऊ लागले. एकसारख्या आकाराची व रंगाची शोभेची वस्तू हव्या तितक्या संख्येने मिळू लागली, तेव्हाच ठरवून रंग निवडणे शक्य झाले.

विजेच्या दिव्यांनी सजवलेले पहिले झाड एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्क येथील आपल्या घरी उभारले. त्यावरील ८० दिवे लाल, पांढरे व निळे एवढ्याच रंगांचे होते. अमेरिकेत १९५९ पासून ॲल्युमिनियमची रुपेरी झाडे काही वर्षे लोकप्रिय झाली. धातूवर विजेची माळ धोक्याची असल्यामुळे अशा झाडाखाली फिरत्या रंगीत काचेचा दिवा ठेवीत आणि संपूर्ण झाड आळीपाळीने रंग बदलत असे. व्हाइट हाउसमधील झाडाला दरवर्षी एक संकल्पना देण्याची परंपरा जॅकलीन केनेडी यांनी १९६१ मध्ये सुरू केली.

रंगांचे अर्थ

उपासनेच्या दिनक्रमात नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा रंग जांभळा, तर नाताळाचा पांढरा किंवा सोनेरी असतो. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताशी व हिरवा अनंत जीवनाशी जोडला जातो. हे सांकेतिक अर्थ झाडासाठी बंधनकारक नाहीत.

मराठी घरात या रंगांचे स्वतःचे अर्थ आधीपासून आहेत. कुंकवाचा लाल, काकणांचा हिरवा आणि हळदीचा पिवळा हे तिन्ही रंग मंगल मानले जातात. त्यामुळे लाल-हिरव्या-सोनेरी झाडात परकेपणा फारसा जाणवत नाही. पांढऱ्याचे तसे नाही. पाश्चात्त्य देशांत बर्फाची आठवण देणारी संपूर्ण पांढरी-रुपेरी सजावट उत्सवी ठरते, पण मराठी परंपरेत नुसता पांढरा रंग शोकाचाही आहे. याउलट एरवी टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला हौसेने नेसला जातो आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घातले जातात. म्हणजे रंगाचा अर्थ प्रसंगावर व जोडीच्या रंगावर ठरतो. नवरात्रात दिवसागणिक एक रंग नेसण्याची अलीकडची प्रथा, जी मुख्यतः वृत्तपत्रांमुळे महाराष्ट्रभर पसरली, ती पाहता ठरलेल्या रंगात सण साजरा करणे येथे नवखे राहिलेले नाही.

सार्वजनिक ठिकाणी आणखी एक बाब येते. भगवा, हिरवा, निळा या रंगांना भारतात पंथ, पक्ष व चळवळी यांचे संदर्भ चिकटलेले आहेत. शाळेच्या किंवा चौकातील झाडाला केवळ एकच रंग देण्यापेक्षा दोन-तीन रंगांची जुळणी करणे अधिक सुज्ञपणाचे ठरते.

झाड व साहित्य

फर व स्प्रूस ही थंड प्रदेशातील झाडे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. रोपवाटिकांतून ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे कुंडीतील झाड सहसा अरौकारिया प्रजातीचे असते. त्याचे मूळ प्रशांत महासागरातील नॉरफोक व न्यू कॅलेडोनिया या बेटांवर आहे. त्याच्या फांद्या मजल्यांसारख्या चक्राकार फुटतात, त्यामुळे मजल्यागणिक रंगाची छटा बदलणे सोपे जाते. परंतु शेंडा मोडला तर झाडाचा डौल पुन्हा सहसा येत नाही. म्हणून शेंड्यावर जड चांदणी लावू नये. पानांवर रंग किंवा कृत्रिम बर्फ फवारल्यास पर्णरंध्रे बुजतात. मोरपंखी व सुरू यांचाही पर्याय म्हणून उपयोग होतो.

बर्फाऐवजी कापूस पसरणे ही कापूस पिकवणाऱ्या या भागात सहज सुचणारी युक्ती आहे. मात्र कापूस चटकन पेट घेतो, म्हणून तो दिव्यांच्या माळेपासून दूर, कुंडीच्या बुडाशी ठेवणे इष्ट. थर्माकोलच्या शोभेच्या वस्तूंवर महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आहे. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, कागदी चांदण्या, झेंडूची फुले आणि जरीच्या जुन्या साड्यांचे काठ यांतून कमी खर्चात रंगयोजना साधते. नांदेड जिल्ह्यातील तांड्यांवर आढळणाऱ्या बंजारा भरतकामातील आरसे व कवड्या गडद लाल पार्श्वभूमीवर विशेष उठून दिसतात.

सजावटीचा क्रम

रंग ठरवताना दिव्यांचा प्रकाश आधी पाहावा लागतो. पिवळसर प्रकाशात लाल व सोनेरी खुलतात, तर निळा मळकट दिसतो. निळसर पांढऱ्या प्रकाशात चांदी व निळा उजळतात आणि सोनेरी फिका पडतो. हिरवे झाड हाच एक रंग धरायचा असल्याने त्याच्या विरुद्ध असलेला लाल सर्वांत ठळक दिसतो.

मुख्य रंग साठ, जोडीचा तीस व उठावाचा दहा टक्के हे गृहसजावटीतील प्रमाण येथेही वापरतात. प्रथम दिव्यांची माळ खोडाजवळून टोकाकडे गुंफावी, नंतर फिती, मग गोळे. मोठे व गडद गोळे आत आणि खालच्या फांद्यांवर, लहान व चकचकीत गोळे टोकांना लावल्यास झाडाला खोली येते. उठावाचा रंग एका बाजूला गोळा न होता झाडभर विखुरलेला असावा.

सजावट परंपरेने ६ जानेवारीच्या प्रभुप्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवतात. त्यानंतर कुंडीतील झाड एकदम कडक उन्हात न नेता काही दिवस सावलीत ठेवावे लागते, आणि गोळे व फिती रंगवार वेगळ्या बांधून पुढील वर्षासाठी जपून ठेवल्या जातात.