न भरलेल्या समुद्राचा बाजार

जमिनीला आपण स्थावर म्हणतो. ती हलत नाही, चोर ती उचलून नेत नाही. म्हणून सोने मोडून जमीन घेणाऱ्याला घरातली वडील माणसे शहाणा म्हणतात. या स्थावर वस्तूचा मुंबईत एकदा असा काही व्यापार झाला की, तिचे कागद सकाळी एकाच्या खिशात, तर संध्याकाळी तिसऱ्याच्याच खिशात असत. आणि त्या व्यापारातली सर्वांत महाग जमीन त्या वेळी चक्क समुद्राच्या पाण्याखाली होती. १८६३ ते १८६५ या काळातील मुंबईच्या त्या सट्ट्याविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण 'शेअर मॅनिया' या नावाने येते आणि बहुधा वेडाची एक गोष्ट म्हणून सांगितले जाते. आम्हांला ते तसे वाटत नाही. वेडाने केलेल्या व्यवहारापासून शिकण्यासारखे फारसे काही नसते. येथे तर हिशेबात मुरलेली माणसे होती, पिढीजात पेढीवाले होते, कायदा जाणणारे होते, आणि त्यांतील प्रत्येकाने उचललेले प्रत्येक पाऊल त्या वेळी दिसावयास वाजवीच होते. वाजवी पावलांनी चालत चालत एक अख्खे शहर कड्यापर्यंत कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ अमेरिकेत झाला. एप्रिल १८६१ मध्ये तेथे उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये एकमेकांशी लढू लागली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि तेथला कापूस बाहेर पडेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्याने याच कापसावर चालत. गिरण्या बंद पडू लागल्या, मजुरांची उपासमार सुरू झाली, आणि इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. हा आपला आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला कापूस. एरवी त्याला तेथे कोणी फारसे विचारीत नसे. युद्धापूर्वी लिव्हरपुलात अमेरिकन कापूस सात-आठ पेन्स पौंड या भावाने मिळे, तो १८६४ मध्ये दोन शिलिंगांच्याही वर गेला; त्याच्यामागोमाग आपलाही चढला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस गाठोड्यांत बांधून विकला, असे सांगतात. नेहमीच्या उत्पन्नावर मुंबईला या चार-पाच वर्षांत सुमारे सात-आठ कोटी पौंड जादा मिळाले, असा अंदाज पूर्वीपासून दिला जातो.

आता एवढा पैसा ठेवावयाचा कोठे? शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की तो विहीर खणतो, लग्न थाटाने करतो, क्वचित गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारतो. व्यापाऱ्याला मात्र पैसा फिरता लागतो. आणि मुंबईत त्या वेळी ज्या एका वस्तूची खरोखरच टंचाई होती, ती वस्तू म्हणजे जमीन.

टंचाई खोटी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई हे दोन्ही बाजूंनी समुद्राने आवळलेले अरुंद बेट. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडावयास घेतले होते, तरी व्यापाराला गोद्या हव्या होत्या, कापसाच्या गासड्या बांधणाऱ्या प्रेसना आवार हवे होते. गुजरातेतून येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोडपर्यंत येऊन थबकली. तिला दक्षिणेस कुलाब्याकडे जावयाचे तर पाऊल ठेवण्यास जागा नव्हती. पश्चिमेच्या बाजूस, मलबार हिलच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत, बॅक बेचा उथळ आणि त्या काळी अत्यंत घाणेरडा असा किनारा पसरला होता. तो भरून काढावा, रेल्वेला हवी तेवढी पट्टी द्यावी आणि उरलेली जमीन विकून नफा घ्यावा, या उद्देशाने बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. कल्पनेत काहीही चूक नव्हती. त्या किनाऱ्यावर पुढे काय उभे राहिले हे मरीन ड्राइव्हवर एकदा तरी फिरलेल्या कोणालाही सांगावयास नको.

पण समुद्र भरावयाला वर्षे लागतात. दगड फोडावा लागतो, वाहून आणावा लागतो, आणि एका पावसाळ्यात लाटा त्यातला बराचसा परत घेऊन जातात. शेअरचा कागद छापावयाला मात्र एक दिवस पुरतो. जमीन आणि तिचा कागद यांच्यामधले हे अंतर हाच त्या बाजारातला खरा माल होता. बॅक बे कंपनीचा एक भाग पाच हजार रुपयांचा. तो चढत चढत पन्नास हजारांवर गेला. या काळात किनाऱ्यावर म्हणण्यासारखी वीतभर जमीनही वर आली नव्हती.

एका कंपनीला असा भाव आला म्हटल्यावर दुसऱ्या निघणारच. माझगावची निघाली, कुलाब्याची निघाली, गव्हर्नरांच्या नावाने फ्रियर लँड कंपनी निघाली. जानेवारी १८६५ च्या सुमारास मुंबईत ३१ बँका, १६ फायनॅन्शियल असोसिएशने, ८ जमीन-कंपन्या, २० विमा-कंपन्या आणि शिवाय इतर कंपन्यांचा मोठा थवा होता. दहा वर्षांपूर्वी यांतल्या बहुतेकांचे नावही नव्हते. 'फायनॅन्शियल असोसिएशन' हे भारदस्त नाव; तिचे मुख्य काम म्हणजे शेअर घेण्यासाठी शेअरवरच कर्ज देणे.

येथे थोडे थांबून हे चक्र कसे फिरत होते ते पाहू. आकडे सोयीसाठी आम्ही आमचेच घेतो. समजा, एका कारकुनाने पत्नीच्या पाटल्या गहाण टाकून एका नव्या कंपनीचा शंभर रुपयांचा भाग घेतला. शंभरांपैकी आरंभी भरावयाचे फक्त पंचवीस. बाकीचे पंचाहत्तर कंपनी मागेल तेव्हा हप्त्यांनी. महिन्याभरात त्या पंचविसाचे पन्नास झाले. कारकुनाने तो भाग विकला नाही. वाढता भाव कोण सोडतो? त्याने तो बँकेकडे तारण ठेवून चाळीस रुपये उचलले आणि त्या चाळिसात दुसऱ्या कंपनीचा तसलाच एक भाग घेतला. आता त्याच्यापाशी दोन भाग झाले, आणि आपण दुपटीने श्रीमंत झालो असे त्याला वाटू लागले. वस्तुतः त्याने काय केले? पंचवीस रुपये घातले, बँकेचे चाळीस अंगावर घेतले, आणि दोन कंपन्यांना मिळून दीडशे रुपये पुढे भरण्याची कबुली लिहून दिली. पंचविसाच्या खांबावर एकशे नव्वदांचे छप्पर! भाव चढता आहे तोवर हे छप्पर दिसतच नाही. भाव उतरला की बँक तारणाची तूट मागते, आणि अडचणीत आलेली कंपनी नेमक्या त्याच वेळी राहिलेले हप्ते मागते. दोघे एकदमच दारात उभे राहतात.

यावर तिसरा मजला वायद्याचा. अमुक दिवशी अमुक भावाने भाग घेईन असा करार करावयाचा. आज हातात पैसा नको आणि देणाऱ्याच्या हातात भागही नको. असे असंख्य करार १ जुलै १८६५ या एकाच तारखेचे झाले होते. करार करणारा, त्याचा दलाल, त्या दलालाचा धनी, सारे एकमेकांच्या शब्दावर उभे होते.

आणि या सर्वांच्या तळाशी बँक ऑफ बॉम्बे. ही नव्याने निघालेल्या बँकांपैकी नव्हे. १८४० पासूनची, सरकारचे स्वतःचे भाग जीत होते अशी, लोकांच्या दृष्टीने खुद्द सरकारसारखी बँक. शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास तिला पूर्वी मनाई होती. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली, भांडवल वाढवून दोन कोटींवर नेण्यात आले, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर तिची तिजोरी उघडू लागली. प्रेमचंद हा तिशीतला कापसाचा आणि शेअरचा दलाल. बुद्धी असामान्य, स्मरणशक्ती त्याहून असामान्य. त्याची चिठ्ठी नेली की कर्ज मिळे. तो लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याच यशावर त्याचा पुरा विश्वास बसला होता, एवढेच. आणि आमच्या मते अशा माणसाच्या हाती दुसऱ्याची तिजोरी असणे हे लबाडीहून अधिक धोक्याचे.

सट्ट्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता त्यांचे काय झाले, हे फार कमी वेळा सांगितले जाते. पैशाच्या ओढीने माणसे मुंबईत लोटली. १८६४ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. खोल्या तेवढ्याच होत्या. भाडे वाढले, धान्य महागले, ठरावीक पगारावर जगणारा कारकून आणि शाळामास्तर मेटाकुटीस आला. आम्हांला वाटते, पुष्कळशा मध्यमवर्गीयांना बाजारात ओढले ते लोभाने तितके नाही, जितके या महागाईने. शेजारी वर चढत असताना आपण जागीच उभे राहिलो तरी खाली चाललो, अशी ती परिस्थिती होती. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातले शहर अवघ्या दोन वर्षांत ओळखू येईनासे झाले.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. याच वर्षाच्या आरंभी इराणच्या आखातातून युरोपशी तारेचा संबंध जोडला गेला होता, त्यामुळे पूर्वी बोटीने अनेक आठवडे घेणारी बातमी आता पुष्कळ लवकर आली. युद्ध संपले, एका खंडातले रक्त थांबले. मुंबईच्या बाजाराच्या दृष्टीने मात्र याहून वाईट बातमी दुसरी नव्हती. कापसाचा भाव कोसळला, त्याच्यामागून शेअर कोसळले. मे महिन्यापासूनच मोठमोठ्या पेढ्या बसू लागल्या होत्या. १ जुलै उजाडला तेव्हा घेणारा पैसा देऊ शकत नव्हता, आणि त्याच्यावर अवलंबून असणारा पुढचाही देऊ शकत नव्हता. दिवाळ्यांची संख्या एवढी झाली की नेहमीच्या कोर्टाच्या हातून ते काम निभेना, म्हणून त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला.

प्रेमचंद बुडाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान, लोकमान्य गृहस्थाचेही मोठे नुकसान झाले. नसरवानजी टाटा यांच्या पेढीची कथा विशेष सांगण्यासारखी आहे. त्यांचा पंचविशीतला मुलगा जमशेटजी लंडनमध्ये बँक काढण्याच्या हेतूने निघाला, आणि तेथे पोचतो तो त्याच्याजवळच्या कापसाच्या हुंड्यांना किंमत उरली नाही. परक्या देशात धनकोंसमोर उभे राहून त्याने सारा हिशेब उघडा केला. त्या धनकोंनीच देणी निस्तरण्याचे काम विश्वासाने त्याच्यावर सोपवले. इकडे बापाने राहते घर विकून देणी वारली. १८६७-६८ मधील ॲबिसिनियाच्या मोहिमेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात भाग मिळाला तेव्हा कोठे या कुटुंबाची गाडी पुन्हा रुळावर आली. १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू करणारा जमशेटजी तो हाच. परंतु ज्याला मक्ता मिळाला नाही आणि ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, अशांची संख्या किती तरी मोठी. त्यांचा माग शिरगणतीच्या एका आकड्यात तेवढा लागतो : १८७२ मध्ये मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. आठ वर्षांत पावणेदोन लाखांची घट! तीत सट्ट्याखेरीज इतर कारणेही असतील. पण सुगीवर आलेले पुष्कळसे लोक गाठोडे बांधून परतले, हे उघड आहे.

बँक ऑफ बॉम्बे आणखी दोन-तीन वर्षे खुरडत राहिली आणि १८६८ मध्ये बंद झाली. चौकशीसाठी आयोग बसला. ज्यांनी शेअरला हातही लावला नव्हता, केवळ सरकारचे भाग आहेत म्हणून आयुष्याची पुंजी तिच्या भागांत घातली होती, त्यांना काय सांगावे? प्रेमचंदाने भरभराटीत विश्वविद्यालयाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले होते. तो मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्याला प्रेमचंदाच्या आईचे, राजाबाईचे नाव आहे. बुडालेल्या बाजाराची अशी काही सुंदर अवशेषे मुंबईत उभी आहेत, हे मान्य करावयास हवे.

आणि तो समुद्र? बॅक बे कंपनी मोडली. तिने केलेल्या अपुऱ्या भरणीच्या पट्टीवरून रेल्वेचे रूळ गेले. १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या सरकारने तोच किनारा पुन्हा भरावयास घेतला : बेत १,१४५ एकरांचा, हाती आले जेमतेम ४४०. त्या कामातील उधळपट्टी आणि गैरव्यवहार बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, आणि बदनामीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. पुढे त्याच उपसागरात भर घालून जे टोक तयार झाले त्यालाच नरिमन पॉइंट हे नाव आहे.

आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे आज मुंबई-ठाण्याकडे न बांधलेल्या इमारतीतल्या सातव्या मजल्यासाठी बँकेचे हप्ते भरीत आहेत. तोही कागदच, जमीन खाली असली तरी मजला अजून हवेतच असतो. फरक एवढा की, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, जो २०१७ पासून पुरता अमलात आला, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले शेकडा ७० त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकाम यांवरच खर्चावे लागतात. प्रकल्पाचा नोंदणी-क्रमांक घेऊन महारेराच्या नोंदीत त्याचे बांधकाम कोठवर आले आणि त्यावर कोणाचा बोजा आहे, हे करारावर सही करण्यापूर्वी कोणालाही फुकट पाहता येते. १८६५ च्या कारकुनाला कंपनीच्या वह्या दाखवणारी अशी खिडकी कोठेच नव्हती. किनाऱ्यावर जाऊन भरती-ओहोटी तेवढी तो पाहू शकत होता.