कासव दिसतंय का?

“सर, व्हीएम चालत नाहीये.”

सबमिशनच्या आठवड्यात हे वाक्य दिवसातून चार-पाचदा तरी कानावर येतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी काम करतो. मुलं विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकतात आणि त्यात उबुंटू चालवतात, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा: व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट. तक्रार नेहमी गेस्टची असते, दुखणं बहुतेक वेळा होस्टचं.

म्हणून मी आधी लॉग उघडायला लावतो. तो व्हीएमच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच असतो, शेजारी मागच्या तीन खेपांचेही. एवढ्या ओळी बघून मुलं दचकतात. मी सुरुवातीला दोनच गोष्टी शोधतो: होस्टची किती रॅम मोकळी होती आणि व्हीटी-एक्स मिळालं का. ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला ६ जीबी देणारे महाभाग दरवर्षी भेटतात. रॅम वाढवताना पट्टी हिरव्याची लाल होते, पण रंगाकडे बघतो कोण!

व्हीटी-एक्स ही व्हीएम चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली २००५ पासूनची सोय. ती बायोसमध्ये बंद असेल तर चालू करायची, विषय संपला. चालू असूनही व्हीएम रडतखडत चालत असेल, तर मी खिडकीच्या खालच्या पट्टीकडे बोट दाखवतो. “कासव दिसतंय का?” तिथे हिरवं कासव असलं की समजायचं, प्रोसेसरची ती सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हीएम-यंत्रणेने, आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या हाताखाली राबतोय. हे चिन्ह ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. हायपर-व्ही बंद करता येतं, पण मग विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ चालत नाही आणि विंडोजचं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षणही काढावं लागतं. प्रॅक्टिकलपुरतं भागत असेल तर कासवाला हात लावू नये, असं माझं मत.

गेल्या वर्षीचा एक मुलगा मात्र कासवाची तक्रार घेऊन आला नव्हता. त्याची व्हीएम मध्येच थांबली होती. होस्टची डिस्क भरली, जागा मोकळी करा, असा मेसेज होता. त्याने आज्ञाधारकपणे जागा केली. स्नॅपशॉट्सच्या फोल्डरमध्ये महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असलेल्या दोन धिप्पाड फाइली दिसल्या. नावावरून कचराच वाटावा अशा. उडवल्या. रीसायकल बिनमध्येही नाहीत, कारण त्याने शिफ्ट दाबून डिलीट केलं होतं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, हा समज इथे नडतो. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाइल त्या क्षणाला गोठते. पुढे गेस्टमध्ये जे लिहिलं जातं ते सगळं त्या विचित्र नावाच्या नव्या फाइलीत. दुसरा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाइल, पहिलीवर टेकलेली. मूळ फाइल ही जुनी वही, आणि पुढचं सगळं सुट्या कागदांवर लिहून तिला जोडलेलं. याने कागद फाडले होते.

“आता काही करू नकोस. लॅपटॉपवर काही डाउनलोडही नको.” उडवलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर मी पेन ड्राइव्हवरून चालवलं. एक सापडलीच नाही, दुसरी अर्धीमुर्धी. मग मूळ डिस्कची प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतली, नवी व्हीएम केली आणि तिला ती प्रत जोडली. उबुंटू उठलं. प्रोजेक्टच्या फोल्डरमधली शेवटची फाइल ११ ऑगस्टची, पहिला स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाची. आम्ही ऑक्टोबरात बसलो होतो.

वरच्या पट्टीतलं घड्याळ मात्र आजचीच तारीख दाखवत होतं. गेस्टला वेळ होस्टकडून मिळते. मुलगा बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिला.

“सर, तारीख आजची आहे. म्हणजे बाकीचं पण असेल ना कुठेतरी?”