गंजलेला पत्रा : रंगाआधी घासणी

भिवंडी-मालेगावच्या लूम कारखान्यात छताच्या गंजाचे पाणी कापडावर पडले की तांबूस डाग बसतो आणि ताग्याचा भाव उतरतो. म्हणून कारखानदार बंधूंनी पत्र्याचे काम उन्हाळ्यातच उरकावे.

गंजावर फासलेला रंग पापुद्रे होऊन सुटतो. आधी गंजलेली जागा टोकदार अवजाराने टोचून पाहावी; आरपार गेल्यास पत्राच बदलावा. शाबूत पत्रा तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून, पुसून, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. तो वाळल्यावर इनॅमलचे दोन हात द्यावेत. जस्ताचा मुलामा उघडा असेल तेथे आधी एच प्रायमर लावावा. जस्तावर थेट ऑईल पेंट धरत नाही. गळती बहुधा बोल्टपाशी असते. तेथले झिजलेले वॉशर बदलावेत.

छतावर चढणाऱ्याने पाय बोल्टच्या रांगेवरच ठेवावा, कमरेला दोरी व तोंडाला मास्क बांधावा. सिमेंटचा जुना पत्रा मात्र कधीही घासू नये; त्यातील अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते.

घासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि घासलेला पत्रा पाहिल्यावरच प्रायमर लावू द्यावा. रंगाखालचे काम मालकाला दिसत नाही. ती कारागिराकडे सोपवलेली अमानत आहे.