वाफ लागली का?

कामोजांग दिसायच्या आधी त्याचा वास येतो, जुनं अंडं फुटावं तसा गंधकाचा. पश्चिम जावात बांदुंग आणि गारुत या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, सुमारे १,५०० मीटर उंचीवरचा हा डोंगराळ टापू जमिनीखालच्या वाफेवर वीज बनवतो. हवा गार, झाडी ओली, आणि तिच्यातून वाट काढत गेलेले चंदेरी पत्र्यात गुंडाळलेले जाड पाइप. पाइप बराच वेळ सरळ धावतो, मग काटकोनात वळून चौकोनी कमान करतो आणि पुन्हा वाटेला लागतो. पाहणाऱ्याला वाटावं, मिस्त्रीचं माप चुकलं. पण वाफ आत शिरली की लोखंड तापून लांबतं. त्या वाढीला कुठेतरी जागा हवी, नाहीतर सांधे उचकटतील.

जवळच एक विवर सतत शिट्टी घालत असतं. त्याचं नाव कावाह केरेता आपी. इंडोनेशियन भाषेत ‘केरेता’ म्हणजे गाडी आणि ‘आपी’ म्हणजे आग. थोडक्यात, आपलीच आगगाडी. हे विवर मात्र निसर्गाचं नाही. डच राजवटीत १९२६ ते १९२८ या काळात इथे पाच विहिरी खोदल्या गेल्या, त्यांतली ही तिसरी. खोली फक्त ६६ मीटर. मराठवाड्यातला शेतकरी बोअर घेताना एवढ्यावर थांबतही नाही. तरी ती अजून फुसफुसते आहे. तिथला राखणदार त्या झोतात बांबूची नळी धरतो, तेव्हा खरोखरच इंजिनाची शिट्टी ऐकू येते आणि सहलीला आलेली पोरं टाळ्या पिटतात.

आजच्या विहिरी एक ते दोन किलोमीटर खोल जातात. खोदाईच्या यंत्राचं, म्हणजे रिगचं, पातं फिरत असताना नळीतून दाट चिखल खाली सोडतात. तो पात्याला थंड करतो आणि खडकाचा भुगा घेऊन वर येतो. वर आलेला चिखल मोजणं हे पाळीवरच्या माणसांचं मुख्य काम. तेलविहिरीवर चिखल परत आला नाही तर सगळ्यांचे चेहरे उतरतात. इथे गंमत उलटी आहे. ठरलेल्या खोलीला चिखल गडप झाला, तर खाली भेगा आहेत, आणि भेगा असतील तर वाफ असू शकते! मग नुसतं पाणी सोडत पुढे खोदायचं. विहीर कोरडी निघाली तर बोअर फेल गेल्यासारखंच, फक्त आकडा लाखो डॉलरचा.

कामोजांगचं नशीब असं की इथे जमिनीखालून गरम पाणी नव्हे, जवळजवळ कोरडी वाफच येते. तिच्यातले थेंब आणि कचरा काढला की ती थेट टर्बाइनवर सोडता येते. न्यूझीलंडच्या मदतीने सुरू झालेल्या कामातून १९८३ साली ३० मेगावॉटचा पहिला संच फिरला, २०१५ मध्ये पाचवा आला, आणि एकूण क्षमता २३५ मेगावॉट झाली.

पण ‘अक्षय’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा. वाफेचा बराचसा भाग कूलिंग टॉवरमधून आभाळात जातो. उरलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडतात, पण जेवढं काढलं तेवढं परत जात नाही. विहिरींचा जोर हळूहळू ओसरतो, आणि नुसती तीच वीज टिकवायलाही नव्या विहिरी घ्याव्या लागतात.

अमेरिकेखालोखाल भूऔष्णिक वीज इंडोनेशियाच बनवतो. तरी देशात अंदाजे २४,००० मेगावॉटची शक्यता असताना जेमतेम दहावा हिस्सा वापरात आहे. वीज घेणारी सरकारी कंपनी एकच, आणि तिच्या दारात कोळसा स्वस्त उभा असतो: २०१८ पासून वीजकेंद्रांसाठी त्याचा भाव टनामागे ७० डॉलरवर बांधलेला आहे. २०१४ च्या कायद्याने भूऔष्णिक कामाला ‘खाणकाम’ म्हणणं थांबवलं आणि राखीव जंगलांचे दरवाजे उघडले. गावकऱ्यांच्या मनातली भीती मात्र कायद्याने जात नाही. सुमात्रात जानेवारी २०२१ मध्ये एका विहिरीच्या चाचणीवेळी विषारी वायू सुटला आणि पाच ग्रामस्थ दगावले. त्यानंतर रिग येताना दिसली की लोकांनी रस्ता अडवला, तर त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, योग्य नाही.

कामोजांगच्या उतारांवर कॉफी पिकते. पावसाळी हवेत तिच्या बिया वाळायला आठवडे लागतात, मधेच बुरशी धरते. अलीकडे इथे वाफेची थोडी उष्णता बंदिस्त खोलीत खेळवून, थरावर थर मांडलेल्या जाळ्यांवर बिया वाळवतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि आतला माणूस फळीने कॉफी वरखाली करत असतो.