कामावरून का काढले, हे मुलाखतीत कसे सांगावे?

मागल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका मुलाला एमआयडीसीतल्या कारखान्याने कामावरून काढले. पोरगा आयटीआय झालेला, फिटर. रात्रपाळीला यंत्र चालू ठेवून झोपला. आधी दोन लेखी ताकिदा मिळालेल्या होत्या. तिसऱ्या वेळी पत्रच हातात पडले. दुसरीकडून मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी बसली आणि ठरले की, ‘आई आजारी होती म्हणून नोकरी सोडली’ असे सांगायचे. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, चांगली धडधाकट! ती आतूनच म्हणाली, “माझ्या नावावर खोटं बोलू नको रे बाबा.”

मंडळी, तुमच्याही घरात अशी बैठक कधी झाली असेल. पण त्या माउलीच्या बोलण्यात व्यवहारही होता. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या खातेदाराला यूएएन हा बारा अंकी नंबर मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर बदलत नाही. आधी कुठे काम केले, कधी लागला, कधी सुटला, याची नोंद त्यावर असते. नवा मालक तोच नंबर मागतो. सुटण्याचे कारण कळायला मग एक फोन पुरतो.

म्हणून आधी ते पत्र पेटीतून काढा आणि त्यात शब्द कोणता आहे तो पाहा. सरकारी नोकरीत तर एका शब्दाने फरक पडतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीने पुढच्या सरकारी नोकरीला अपात्रता येत नाही. दुसरीने सामान्यतः येते. आणि कारखानाच बंद पडला असेल, तर ती बडतर्फी नव्हेच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यातले कितीतरी पुढे कायमचे गावी परतले. अशा माणसाने मान खाली घालायचे कारणच काय? ‘गिरणी बंद पडली’ एवढे बोलले की झाले.

चूक आपली असेल तेव्हा जीभ अडखळते. मग पोरे मुकादमावर घसरतात. तो डाव धरून होता, साहेब पक्षपाती होता. असेलही. पण ऐकणारा मनात म्हणतो, उद्या हा आमच्याबद्दलही असेच बोलेल. खरोखर अन्याय झाला असेल आणि कामगार न्यायालयात दाद मागितली असेल, तर तेवढेच एका वाक्यात सांगावे, कैफियत मांडू नये.

आमच्या त्या पोराला मी चार वाक्ये घरी मोठ्याने म्हणायला लावली. “साहेब, रात्रपाळीत मी झोपलो. त्याआधी दोनदा ताकीद मिळाली होती. दिवसा वीज असली की उसाला दारे धरायचो आणि रात्री तसाच कामावर जायचो. चूक माझी आहे.” त्याचे वडील शेजारी बसून ऐकत होते. तिसऱ्या वाक्याला त्यांनी पान चघळणे थांबवले. दारे धरायला त्याला पाठवत कोण होते? तेच. पोराने घरचे नाव घेतले नव्हते, पण त्यांना कळले. थोड्या वेळाने म्हणाले, “पाचवं वाक्य घाल. म्हणावं, आता पाणी बाप बघतो.”

पहिल्या ठिकाणी नकार आला. खरे बोलले की काम मिळतेच, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी चूक उगाळलीच नाही. “रात्रपाळी करून आल्यावर झोपणार कुठे?” एवढेच विचारले. पोराने सांगितले, “मागच्या खोलीत. तिथला कडबा काढून वडिलांनी खाट टाकलीय.” सहा महिने तात्पुरता म्हणून घेतले.

हल्ली सकाळी त्यांच्या अंगणात कुणी मोठ्याने हाक मारली, तर ओट्यावरून त्याची आई हात हलवून गप्प करते. वडील तोवर मोटारीकडे गेलेले असतात.