जराचिकित्सेचे पाठ : वृद्धांच्या घरी

आयुर्वेदाच्या अष्टांगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे. चरकाचार्यांनी साठ वर्षांनंतरचे वय जीर्ण मानले, तर सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतरचे. शार्ङ्गधरांनी प्रत्येक दशकात कोणता भाव क्षीण होतो याचा क्रमच दिला आहे : सहाव्या दशकात दृष्टी, नवव्यात बुद्धी, दहाव्यात कर्मेंद्रिये. आपला विद्यार्थी हे सारे उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितो. परंतु एखाद्या वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास निवांत बसून तिचे म्हणणे ऐकण्याचा प्रसंग त्याच्या शिक्षणकाळात क्वचितच येतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे १० कोटी ३८ लाख नागरिक होते. आज पदवी घेणाऱ्या वैद्याच्या चिकित्सालयात यापुढे हेच रुग्ण बहुसंख्येने येणार आहेत. बाह्यरुग्ण विभागात मात्र वृद्ध येतो तो मुलाच्या वा सुनेच्या सोबतीने. प्रश्न वैद्याने विचारायचा, उत्तर मुलाने द्यायचे आणि रुग्णाने केवळ मान हलवायची, असाच तेथील परिपाठ असतो.

घर हेच निदानस्थान

प्रस्तुत लेखक आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या गटाने वस्तीतील ज्येष्ठांच्या घरी नेत आला आहे. पहिल्या भेटीचा नियम एकच : औषध सुचवायचे नाही, नाडीही पाहायची नाही, केवळ बोलायचे आणि पाहायचे.

एका आजींची तक्रार जुनाट मलावष्टंभाची होती. विद्यार्थ्यांच्या मनात हरीतकी, त्रिफळा, एरंडतेल अशी यादी तयार होती. तासाभराच्या गप्पांत कारण उमगले. शौचकूप अंगणाच्या पलीकडे, वाटेत उंच उंबरा आणि अपुरा उजेड. रात्री उठावे लागू नये म्हणून आजी दुपारी चारनंतर पाणीच पीत नसत. दात नसल्याने भाजी सुटलेली. आहार चहात बुडवलेल्या पोळीवर आलेला. म्हातारपणी वात वाढतो हे सूत्र त्या दिवशी विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसले. वाटेवर दिवा, भिंतीला धरायला आधार, मऊ शिजवलेली भाजी, तूप आणि दिवसा पुरेसे कोमट पाणी, अशी योजना ठरली. निदानपरिवर्जन म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

सुश्रुतसंहितेत जरा ही स्वभावबलप्रवृत्त व्याधींत गणली आहे आणि तिचे कालज व अकालज असे भेद केले आहेत. ऐंशीव्या वर्षी शेताच्या बांधावर फिरणारे आजोबा आणि साठीतच खाटेला खिळलेला गृहस्थ यांना एकाच सकाळी भेटलेला विद्यार्थी हा भेद विसरत नाही.

औषधांची पिशवी

प्रत्येक भेटीत घरातील सर्व औषधे समोर मांडून पाहावीत. तीन डॉक्टरांच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेले चूर्ण, अर्धी राहिलेली अरिष्टाची बाटली, सारे एकाच पिशवीत निघते. मधुमेही व्यक्ती साखरयुक्त अवलेह नित्य घेत असते; रक्तदाबाचा रुग्ण खोकल्यासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळत असतो. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम घटू शकते, हे विद्यार्थ्याने येथेच शिकावे. आसव-अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो, हेही झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाबाबत ध्यानी ठेवावे.

आपल्या औषधी निर्मात्या व विक्रेत्या बंधूंनीही अशा भेटींत एकदा तरी सोबत यावे. बारीक अक्षरांतील लेबल, संधिवाताच्या बोटांना न उघडणारे झाकण, गिळता न येणारी मोठी वटी, खुणा नसलेले मापाचे टोपण या अडचणी दुकानाच्या काउंटरवरून दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांत मराठीतून लिहिलेली मात्रा हीदेखील वृद्धसेवाच होय.

सातत्य हवे

वर्षातून एक शिबिर घेऊन, छायाचित्रे काढून परतणे म्हणजे हा अभ्यास नव्हे. एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक उपक्रम आला असून त्यात विद्यार्थी त्याच कुटुंबांकडे पुनःपुन्हा जातो. आपल्याकडेही तेच तत्त्व हवे. वृद्ध व्यक्ती ही अभ्यासाचा नमुना नव्हे. तिची संमती घ्यावी, घरातील गोष्ट घराबाहेर नेऊ नये, ठरलेला दिवस चुकवू नये आणि शेवटची भेट कोणती हे आधी सांगावे. वाट पाहायला लावून न फिरकणारा विद्यार्थी त्या घराच्या एकाकीपणात भरच घालतो.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने जवळचे आयुर्वेद महाविद्यालय व स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघ यांची सांगड घालावी. एका वैद्याने दोन विद्यार्थी व चार घरे स्वीकारावीत. महिन्यातून एक भेट, असे वर्षभर चालावे. यास खर्च नाममात्र आहे, वेळ मात्र द्यावा लागेल. रसायनाचे कल्प आपल्याजवळ विपुल आहेत. ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत द्यावेत हे ओळखणारा वैद्य घडवणे आपल्या हाती आहे.