कपाटावरचा जुना रेडिओ पुन्हा बोलता करूया



मोबाईलवर एकटीनं ऐकलेली गोष्ट एकटीजवळच राहते. दहाजणींनी मिळून ऐकली तर तिच्यावर बोलणं होतं. म्हणून आमच्या गटानं बैठकीसाठी जुना स्टिरिओ रिसीव्हर घेतला. एका ताईंच्या सासऱ्यांचा, कितीतरी वर्षं कपाटावर पडलेला. रिसीव्हरमध्ये रेडिओ आणि आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असतात. स्पीकर आणि एरियल बाहेरून जोडायचे.

पहिल्या दिवशी जोडणी मीच केली, घाईघाईत. स्पीकरच्या दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना चिकटली. आवाज वाढवला आणि पेटी गप्प! दुरुस्तीला बचतीतले पैसे गेले, वर "हे बायकांचं काम नाही" हे ऐकावं लागलं. काम आपलंच आहे, पण त्याची रीत आहे.

आधी पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मागं किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. आपल्याकडं वीज 230 व्होल्टची. पेटीवर फक्त 110 असेल तर पिन लावू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

आता स्पीकर. मागं डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी लाल-काळी अशी जोडी असते. लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची तार उलटी लागली तर आवाज येतो, पण ढोलकीचा ठेका पातळ होतो. तार सोलताना बोटाच्या पेराएवढीच सोला, आतले तंतू पिळून घ्या, एकही तंतू शेजारी टेकू देऊ नका. स्पीकरवरचा ओहमचा आकडाही बघा. पेटीवर 8 लिहिलं असेल तर 8 चाच स्पीकर लावा. एकाच जोडीला 8 चे दोन स्पीकर लावले तर ते 4 सारखे होतात, पेटी तापते.

मग एरियल. एफएमसाठी दोन पदरी वायर घ्या. एका टोकाकडचे दोन्ही पदर वेगळे करून डावी-उजवीकडं पसरा, इंग्रजी टी अक्षरासारखे. खालची दोन टोकं 300 ओहम लिहिलेल्या दोन स्क्रूंना लावा. एका पदराची लांबी काढायची युक्ती अशी: 7100 ला स्टेशनच्या आकड्यानं भागा, उत्तर सेंटीमीटरमध्ये. 90.4 ला साधारण 79 सेंटीमीटर, 100 ला 71. सातारा जिल्ह्यात म्हसवडला बायांची माणदेशी तरंग वाहिनी 90.4 वरच सुरू झाली.

पत्र्याच्या घरात पत्रा लहरी अडवतो. म्हणून एरियल खिडकीबाहेर, उंचावर बांधा. आडवं बांधून खरखर राहिली तर दिशा बदलून बघा, नाहीतर उभं टांगा. परभणी केंद्र 1305 किलोहर्ट्झवर ऐकत आपण मोठ्या झालो, ती मध्यम लहर. तिच्यासाठी बऱ्याच पेट्यांना मागं काळी दांडी असते. ती हळूहळू फिरवा, आवाज स्वच्छ होईल तिथं थांबा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. विजेच्या तारांजवळ किंवा विजेच्या खांबावर एरियल कधीच बांधू नका. आणि आभाळ गडगडेल असं वाटलं की गडगडायच्या आधीच पिन आणि एरियल दोन्ही काढून ठेवा. वीज चमकायला लागल्यावर एरियलला हातच लावायचा नाही.

सगळं जोडून झालं की आवाज शून्यावर ठेवून पिन लावा, मग हळूहळू वाढवा. आमच्याकडं आता दर बैठकीला जोडणी वेगळ्या ताई करतात. परवा ज्यांच्या घरची ही पेटी, त्या सासूबाईंनी स्वतः स्पीकरची तार सोलली. मागं बसलेल्या कुणीच काही बोललं नाही, सगळे ऐकत होते.

तुमच्या घरातही एखादी पेटी पडून असेल. धूळ झटका, पण पिन काढूनच. येते मग.